चोंगचिंग: ओझं वाहणाऱ्यांचं शहर

सध्या जिकडे बघावं तिकडे चोंगचिंगच्या रील्स चालू आहेत. बिल्डिंगच्या पोटातून आरपार जाणारी ट्रेन, सपाट रस्त्यावरून आरामात चालत कठड्यापाशी जावं आणि खाली वाकून बघितलं की कळावं आपण बाविसाव्या मजल्यावर उभे आहोत, रात्रीचे ते निळे-जांभळे लाइट्स, आणि खाली हजार कॉमेंट्स की हे तर भविष्यातलं शहर आहे. मला ते वाचून जरा वाईटच वाटतं. कारण त्या शहरात जे जे अजब दिसतं ना, त्यातल्या बहुतेक गोष्टींमागे जुनं कारण आहे. युद्ध, नदी, डोंगर, आणि त्या डोंगरावर पाठीवरून सामान चढवणारी माणसं. या शहराबद्दल मी बरीच वर्षं मिळेल ते वाचतेय, जाऊनही आलेय, आणि आज एकदाचं सगळं लिहून काढायचं ठरवलंय, पोस्ट लांबणार आहे हे आधीच सांगते.

आधी जागा कशी आहे ते डोळ्यासमोर आणा. चीनच्या नैर्ऋत्येला, समुद्रापासून हजारेक किलोमीटर आत, यांगत्से नदीला जियालिंग नदी येऊन मिळते. दोन्ही नद्यांच्या मधे जिभेसारखा निमुळता होत गेलेला एक खडकाळ डोंगर आहे, त्याला यूजोंग म्हणतात, आणि त्याच्या अगदी टोकाला चाओथियनमनचा धक्का. जुनं चोंगचिंग म्हणजे हा एवढाच तुकडा. तिन्ही बाजूंनी पाणी, मधे सरळ उभा चढ. सपाट जमीन जवळजवळ नाहीच. त्यामुळे शहर पसरायच्या ऐवजी चढत गेलं, आणि नदीने आलेली प्रत्येक वस्तू, मग ते मीठ असो, तांदूळ असो, कोळसा असो की पिण्याचं पाणी, माणसाने खांद्यावर घेऊन शेकडो पायऱ्या चढून वर न्यायची, दुसरा इलाजच नव्हता.

हे काय प्रकरण आहे ते बघायचं असेल तर यांगत्सेवरच्या केबल कारच्या स्टेशनजवळ बाईश्यांगच्यू नावाची वसाहत आहे तिथे जा. ऐंशीच्या दशकात बांधायला घेतलेली, चोवीस मजल्यांची, आणि लिफ्ट नाही. चोवीस मजले, लिफ्ट नाही! पण लोक राहतात, कारण बिल्डिंग डोंगराला अशी चिकटवलीय की पहिल्या मजल्यावरून एका रस्त्यावर बाहेर पडता येतं, दहाव्या मजल्यावरून दुसऱ्या रस्त्यावर, आणि पंधराव्यावरून तिसऱ्या. म्हणजे कुठल्याही घराला जवळचं एखादं दार सापडतंच. मी गेले तेव्हा जिन्यात एक आजी भेटल्या, पाठीला बांबूची टोपली, टोपलीत हिरवी भाजी आणि वर उलटा टाकलेला छत्रीचा दांडा. त्या प्रत्येक वळणावर टोपलीची बूड जिन्याच्या कठड्यावर टेकवायच्या, दहा श्वास घ्यायच्या आणि पुन्हा निघायच्या. टोपली खाली उतरवायची नाही, कारण उतरवली की परत पाठीवर घेणं जास्त कष्टाचं. बाजूने आम्ही सगळे मोबाइल वर धरून फोटो काढत होतो. कॉरिडॉरमधून केबल कार दिसते म्हणून गर्दी होती. मला मात्र त्या कठड्याची गुळगुळीत झालेली कड जास्त लक्षात राहिली, तिथे किती जणांनी किती वर्षं टोपल्या टेकवल्या असतील.

आता इतिहास. या भागात फार पूर्वी बा नावाचं राज्य होतं, ते इसवी सनपूर्व ३१६ मध्ये छिन राज्याने जिंकलं आणि तेव्हापासून इथे तटबंदीचं गाव आहे. पुढच्या हजार-पंधराशे वर्षांत नावं बदलली, राजघराणी बदलली, ते मी भरभर सोडून देते. एक गोष्ट मात्र सोडवत नाही.

शहराच्या उत्तरेला जियालिंगच्या काठावर द्याओयू नावाचा किल्ला आहे. मंगोल फौजा चीनच्या सोंग साम्राज्यावर चालून येत होत्या तेव्हा १२४३ मध्ये यू च्ये नावाच्या अधिकाऱ्याने तो पक्का बांधून घेतला. तीन बाजूंनी नद्या, वर सपाटी, सपाटीवर शेतं आणि पाण्याचे तलाव, म्हणजे वेढा पडला तरी आतली माणसं आपलं पिकवून खाऊ शकतील अशी रचना. १२५९ मध्ये चंगीझखानाचा नातू मोंगके खान, म्हणजे तेव्हाचा सगळ्या मंगोल साम्राज्याचा खान, स्वतः इथे वेढा घालून बसला आणि या वेढ्यातच मेला. आजाराने मेला की दगड लागून, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण परिणाम बघा, गादीसाठी भाऊ-भाऊ भांडायला लागले, कुबलाई आणि अरीक बोके यांच्यात उघड लढाई झाली, आणि तिकडे सीरियापर्यंत पोचलेला त्यांचा भाऊ हुलागू बरीचशी फौज घेऊन मागे फिरला. चोंगचिंगजवळच्या एका डोंगरावर माणूस मेला आणि पार पश्चिम आशियाचं चित्र बदललं. किल्ल्याने त्यानंतरही वीस वर्षं दम धरला, १२७९ मध्ये सोंग साम्राज्यच संपत आलं तेव्हा तो मंगोलांच्या स्वाधीन झाला.

नंतर मिंग राजवट कोसळताना सतराव्या शतकात या सगळ्या सिचुआन प्रांतात इतकी कत्तल, दुष्काळ आणि रोगराई झाली की गावंच्या गावं ओस पडली. मग छिंग बादशहांनी पूर्वेकडच्या प्रांतांतून, मुख्यतः हुबेई आणि हुनानमधून, लोकांना इकडे येऊन वसायला प्रोत्साहन दिलं, आणि ही स्थलांतराची लाट शंभराहून जास्त वर्षं चालली. आलेल्यांनी आपापल्या प्रांताच्या नावाने सभागृहं बांधली, त्यातलं हुग्वांग सभागृह अजून नदीकडच्या उतारावर उभं आहे, पिवळ्या भिंती, लाकडी रंगमंच, कोरीवकाम तर बघत राहावं असं. आजचे चोंगचिंगवाले स्वतःला पक्के स्थानिक म्हणवतात, पण मुळात बहुतेकांचे पूर्वज नदीने उलटं चढून आलेले.

आणि नदीने उलटं चढणं म्हणजे काय ते सांगायलाच हवं. खालून येताना वाटेत त्रिघळ लागतात, ज्यांना जग थ्री गॉर्जेस म्हणून ओळखतं. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे खवळलेलं पाणी आणि खडक. इंजिन येण्याआधी प्रवाहाविरुद्ध बोट वर न्यायची तर एकच उपाय होता, माणसांनी काठाने चालत ती ओढायची. बांबूच्या सालींचे पीळ घातलेले जाड दोर, ते खांद्यावरून छातीला घेतलेले, एका मोठ्या बोटीला पन्नास-साठ आणि अवघड जागी त्याहून कितीतरी जास्त माणसं, कड्यात कोरलेल्या अरुंद वाटेवरून जवळजवळ चार पायांवर वाकून ओढतायत. अंगावर कपडे नावाला, कारण ओले कपडे कातडी सोलून काढतात. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची, त्या तालावर पाऊल पडायचं. ही हाकेची गाणी आता सरकारी वारसा यादीत आहेत. वर्षानुवर्षं दोर घासून काठच्या खडकांना बोटभर खोल खाचा पडल्या होत्या, अशा खाचा पडलेले दगड म्युझियममध्ये ठेवलेत. दगडात खाच पडते तर खांद्याचं काय होत असेल.

१८९१ मध्ये चोंगचिंग परदेशी व्यापाराला खुलं झालं, १८९८ मध्ये आर्चिबाल्ड लिटल नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने पहिली छोटी वाफेची बोट इथवर आणली (आणि अवघड जागी तिलाही माणसांनीच ओढलं). इथून काय जायचं तर तुंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल, रेशीम, अफू आणि डुकराचे राठ केस. हो, केस. ब्रश बनवायला ते जगभर लागायचे, आणि दुसऱ्या महायुद्धात रंगकामापासून तोफा साफ करण्यापर्यंत इतकी गरज होती की ते युद्धसामग्रीत धरले जायचे.

तरीही १९३७ पर्यंत हे एक आडबाजूचं, पाच लाखांच्या आत वस्ती असलेलं बंदर होतं. मग जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला केला, शांघाय पडलं, आणि नोव्हेंबर १९३७ मध्ये च्यांग कै-शेकच्या सरकारने राजधानी नानजिंगहून चोंगचिंगला हलवायचा निर्णय जाहीर केला. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत आणि पेपरांत जे चुंगकिंग येतं ते हेच.

सरकार हलवणं त्या मानाने सोपं, फायली आणि माणसं. पण कारखाने? शस्त्रं बनवणारे, पोलाद ओतणारे, कापड विणणारे कारखाने सुटे करून नदीने वर आणायचे होते. ऑक्टोबर १९३८ मध्ये वुहान पडलं तेव्हा हे सगळं सामान त्रिघळांच्या तोंडाशी यीचांग गावात येऊन तुंबलं होतं. सुमारे नव्वद हजार टन यंत्रसामग्री उघड्यावर काठावर पडलेली, तीस हजारांच्या आसपास माणसं अडकलेली, वरून जपानी विमानं. मोठी जहाजं घळींतून पुढे जाऊ शकत नाहीत, आणि हिवाळ्यात पाणी उतरायच्या आधी हातात साधारण चाळीस दिवस.

इथे मला ज्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे तो येतो, लू झुओफू. मिनशंग नावाच्या जहाज कंपनीचा संस्थापक, स्वतः गरिबीतून वर आलेला, फारसं शालेय शिक्षण नसलेला. त्याच्याकडे घळीतून जाऊ शकतील अशा वीस-बावीस छोट्या बोटी होत्या. यीचांगहून चोंगचिंगला वर जायला चार दिवस आणि खाली यायला दोन, म्हणजे एक फेरी सहा दिवसांची, असा हिशोब केला तर निम्मंही सामान निघालं नसतं. त्याने काय केलं, तर वाटच तोडली. सगळ्यात जड आणि सगळ्यात गरजेची यंत्रं थेट चोंगचिंगला, थोडी हलकी वाटेतल्या वानश्यानला, आणि बाकीचं फक्त घळींच्या आत, विमानांपासून जरा आडोशाला नेऊन काठावर उतरवायचं आणि बोट लगेच परत फिरवायची, ते सामान नंतर सवडीने वर नेता येईल. दिवसा बोटी चालवायच्या, रात्री माल चढवायचा. शेकडो लाकडी नावा वेगळ्या जुंपल्या. रात्रभर दिव्यांच्या उजेडात हमाल लोखंडाचे तुकडे फळ्यांवरून बोटीत चढवतायत आणि तीच जुनी हाकेची गाणी म्हणतायत, असं चित्र होतं ते. चाळीस दिवसांत माणसं आणि बहुतेक महत्त्वाची यंत्रं यीचांगहून निघाली. युद्ध संपेपर्यंत या कंपनीच्या शंभराहून जास्त खलाशांचा जीव गेला. लू झुओफू स्वतः १९५२ च्या राजकीय मोहिमांच्या काळात आत्महत्या करून गेला. अशा माणसाचा असा शेवट व्हायला नको होता, एवढंच म्हणते.

याच दिवसांत, याच वाटेने, आपले पाच डॉक्टरही गेले. भारतीय काँग्रेसने पाठवलेलं वैद्यकीय पथक, डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. कोटणीस, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. हान्कोव (वुहानचाच भाग), यीचांग आणि मग चोंगचिंग, असा त्यांचा प्रवास, आणि १९३९ च्या सुरुवातीला ते तिथून येनानला, कम्युनिस्टांच्या तळावर गेले. द्वारकानाथ कोटणीस पुढे काय करून गेले ते मराठी माणसाला सांगायला नको. पण यीचांगच्या त्या गोंधळाचं वर्णन वाचताना मला सारखं वाटत राहतं की त्या गर्दीत सोलापूरचा एक तरुण पण होता. पुढच्या ऑगस्टमध्ये नेहरूही चोंगचिंगला आले, हवाई हल्ल्यांचे भोंगे आणि तळघरं त्यांनी अनुभवली, आणि युरोपात युद्ध पेटल्यावर दौरा आटोपता घेऊन परतले.

हवाई हल्ले. जमिनीवरून जपानी सैन्य त्रिघळ ओलांडून येऊ शकलं नाही, म्हणून १९३८ ते १९४३ या काळात त्यांनी विमानांनी शहर जाळलं. लाकूड आणि बांबूची घरं, त्यावर आगीचे बॉम्ब. ३ आणि ४ मे १९३९ या दोन दिवसांतच चार हजारांच्या आसपास लोक मेले. हिवाळ्यात इथे दाट धुकं असतं, तेवढे महिने सुटका, धुकं विरलं की परत विमानं. माणसं डोंगर पोखरून आत शिरली. खडकात शेकडो बोगदे खणले, सरकारी, कारखान्यांचे, शाळांचे, गल्लीतल्या लोकांनी मिळून खणलेले. ५ जून १९४१ च्या संध्याकाळी हल्ला तासन् तास थांबेचना, अठरा पायऱ्या नावाच्या वस्तीखालच्या मोठ्या बोगद्यात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबली गेली, हवा खेळती ठेवायची सोय बंद पडली, आणि लोक आतल्या आत गुदमरून, चेंगरून मेले. आकड्यावर आजही वाद आहे, काही हजारांपर्यंत सांगितला जातो. तिथे आता छोटं स्मारक आहे, आजूबाजूला दुकानं आणि कॅफे. अठरा पायऱ्यांची वस्ती पाडून २०२१ मध्ये नवी चकचकीत करून उघडली. फोटो छान येतात, पण जुन्या वस्तीचा एखादा तरी तुकडा तसाच ठेवायला हवा होता असं माझं मत आहे.

ते बोगदे मात्र अजून आहेत आणि वापरात आहेत. कुठे गॅरेज, कुठे हॉटपॉटचं हॉटेल, कुठे गोदाम, आणि उन्हाळ्यात लोकांना गारव्याला बसायला म्हणून सरकार काही उघडून देतं, आत बाकडी, पिण्याचं पाणी, म्हातारी माणसं पत्ते खेळतायत. बॉम्बपासून वाचायला खणलेली जागा उन्हापासून वाचायला.

युद्ध संपेपर्यंत वस्ती दहा लाखांच्या वर गेली होती. विद्यापीठं आली होती, वर्तमानपत्रं आली होती, हान्यांगच्या पोलाद कारखान्याची यंत्रं येऊन इथली पोलादाची परंपरा सुरू झाली. १९४५ मध्ये माओ आणि च्यांग इथेच त्रेचाळीस दिवस वाटाघाटी करत होते, करार झाला आणि टिकला नाही. १९४६ मध्ये राजधानी नानजिंगला परत गेली आणि ३० नोव्हेंबर १९४९ ला कम्युनिस्ट फौजा शहरात शिरल्या. चौकातल्या विजयस्तंभाचं नाव बदलून मुक्तिस्तंभ झालं, स्तंभ तोच. १९५२ मध्ये चोंगचिंग ते चेंगदू ही ५०५ किलोमीटरची रेल्वे झाली, नव्या राजवटीने बांधून पूर्ण केलेली पहिली मोठी लाइन. दोन वर्षांनी शहराचा थेट केंद्राखालचा दर्जा जाऊन ते सिचुआन प्रांतात टाकलं गेलं.

मग १९६४. अमेरिका व्हिएतनाममध्ये, सोव्हिएत युनियनशी बिनसलेलं, दोन्हीकडून हल्ल्याची भीती, म्हणून माओने ठरवलं की महत्त्वाचे कारखाने किनाऱ्यापासून आणि सीमेपासून लांब, डोंगरात न्यायचे. याला तिसरी आघाडी म्हणतात. चोंगचिंगच्या वाट्याला बंदुका, तोफा, दारूगोळा आला. म्हणजे तीस वर्षांच्या आत दुसऱ्यांदा तेच, युद्धाच्या भीतीने यंत्रं आणि माणसं या डोंगरात येऊन पडली. यांगत्सेवरच पूर्वेला असलेल्या फूलिंग गावाजवळ तर एक अख्खा डोंगर आतून पोखरून अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवायचा कारखाना सुरू केला, हजारो सैनिक वर्षानुवर्षं खणत होते, बाहेर कुणाला पत्ता नाही, आणि १९८४ मध्ये परिस्थिती बदलली म्हणून तो पूर्ण व्हायच्या आतच थांबवला. आता तिकीट काढून आत जाता येतं. खणताना मेलेल्या तरुण सैनिकांची दफनभूमी जवळच आहे, जाणाऱ्यांनी तिथे पण जावं.

माओनंतर आर्थिक सुधारणा सुरू झाल्यावर या शस्त्रांच्या कारखान्यांना ऑर्डरी मिळेनात. हजारो कामगार, उत्तम लेथ मशिनी, आणि काम नाही. तेव्हा जियालिंग नावाच्या दारूगोळ्याच्या कारखान्याने १९७९ मध्ये ५० सीसीची मोटरसायकल बनवली. मग च्येनशे नावाचा बंदुकांचा कारखाना त्यात उतरला, जपानी कंपन्यांशी करार झाले, आणि आजूबाजूला सुटे भाग बनवणारी शेकडो छोटी वर्कशॉप्स उभी राहिली. १९९२ नंतर लिफान, झोंगशेन अशा खासगी कंपन्या आल्या. चीनमधली मोटरसायकलची राजधानी म्हणून हे शहर ओळखलं जातं, आणि गाड्या बनवणारी चांगआन कंपनीसुद्धा मुळात शस्त्रांचाच कारखाना. सायकल या शहरात जवळजवळ दिसतच नाही, चढच इतके आहेत. मोटरसायकल मात्र घराघरात.

आता १९९७. त्रिघळांवर धरण बांधायचं ठरलं होतं, त्याच्या पाण्याखाली जाणारी बहुतेक गावं चोंगचिंगच्या पूर्वेला, आणि अकरा कोटींहून जास्त वस्तीच्या सिचुआन प्रांताला हे सांभाळणं जड होतं. म्हणून चोंगचिंग, वानश्यान, फूलिंग आणि छियेनच्यांग एकत्र करून बीजिंग-शांघायसारखा थेट केंद्राच्या हाताखालचा प्रदेश केला. आता, "तीन कोटी वस्तीचं जगातलं सगळ्यात मोठं शहर" असं जे फिरतं ना, ते इथून आलंय. २०२० च्या जनगणनेत ३.२ कोटी लोक मोजले हे खरं, पण क्षेत्रफळ ८२,४०० चौरस किलोमीटर, ऑस्ट्रिया देशाच्या जवळपास. त्यात डोंगर आहेत, भातशेती आहे, संत्र्याच्या बागा आहेत. मुख्य शहरात माणसं कोटभर धरा. तेही प्रचंडच आहे, उगाच फुगवायची काय गरज.

धरणामुळे एकूण सुमारे तेरा लाख लोक हलवले गेले, त्यातले बहुतेक या प्रदेशातले. फंगच्ये हे दोन हजार वर्षांचं जुनं गाव २००२ मध्ये पाडून टाकलं, आधी सुरुंग लावून आणि मग विटा-लोखंड हातांनी वेगळं करून. लोकांना भिंतीवर रंगवलेल्या आकड्यांवरून कळायचं पाणी कुठवर येणार, १३५ मीटर, १५६ मीटर, १७५ मीटर. काहींना वरच्या उतारावर नवी घरं मिळाली, काहींना हजारेक किलोमीटर लांब दुसऱ्या प्रांतात पाठवलं. वीज मिळाली, मोठी जहाजं चोंगचिंगपर्यंत यायला लागली, हे सगळं मान्य. पण जमीन बुडालेल्या शेतकऱ्याला काय मिळालं हा प्रश्न त्या विजेच्या आकड्यांनी मिटत नाही.

त्यातले पुष्कळ जण शहरात आले आणि बांगबांग झाले. खांद्यावर मीटरभर बांबू, दोन टोकांना दोर, दोराला ओझं, पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहायचं, कुणी हाक मारली की धावायचं. फ्रिज, टाइल्स, कपड्यांचे गठ्ठे, काय वाटेल ते. नव्वदच्या दशकात हे हमाल लाखांच्या घरात होते, गावाकडची माणसं आणि बंद पडलेल्या सरकारी कारखान्यांतले कामगारही. आज लिफ्ट, सरकते जिने, रस्ते, ऑनलाइन डिलिव्हरी, त्यामुळे थोडेच उरलेत आणि तेही वयस्कर. चाओथियनमनच्या कपड्यांच्या होलसेल बाजारात सकाळी लवकर गेलं तर अजून दिसतात. हॉटपॉटसुद्धा याच धक्क्यावरच्या लोकांचं खाणं म्हणून सुरू झालं असं सांगतात, कुणी न घेतलेली आतडी-वजडी, गायीची चरबी, मिरच्या आणि जीभ बधिर करणारे सिचुआन मिरे, आणि एका कढईला नऊ खण, म्हणजे अनोळखी हमाल एकाच कढईत आपापल्या खणात शिजवून खाऊ शकतील.

रीलमधल्या त्या ट्रेनचं सांगायचं राहिलं. लीझीबा स्टेशन, मोनोरेलची लाइन २, १९ मजली बिल्डिंगच्या सहाव्या ते आठव्या मजल्यावर. लोक म्हणतात बिल्डिंग आधी होती आणि ट्रेनने तिला भोक पाडलं. तसं नाहीये, नदी आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत दोन्हीला जागा नव्हती म्हणून दोन्ही एकत्रच डिझाइन केलं, स्टेशनचे खांब बिल्डिंगच्या खांबांपासून वेगळे ठेवले म्हणजे थरथर घरात जाणार नाही. मोनोरेल निवडली कारण ती तीव्र चढ आणि वळणं झेपवते आणि आवाज कमी करते.

आणि २०११ पासून इथून थेट जर्मनीतल्या ड्युइसबुर्गला मालगाडी जाते, ११ हजार किलोमीटरच्या वर, कझाकस्तान, रशिया, बेलारूस, पोलंड करत. आधी लॅपटॉपचे कारखाने आणले, मग ते युरोपला लवकर पोचवायला गाडी. समुद्रापासून लांब असणं हीच ज्या गावाची अडचण होती, त्याने समुद्राकडे पाठ करून रस्ता काढला.

शेवटी २०२२ चा ऑगस्ट. बेईबेई भागात पारा ४५ अंशांवर गेला, जियालिंगचं पात्र इतकं आटलं की लोक चालत आत जायला लागले, आणि चिनयुन डोंगराला वणवा लागला. उभा डोंगर, वर जायला ट्रकचा रस्ता नाही. आग पुढे पसरू नये म्हणून झाडं तोडून पट्टा मोकळा केलेला, नुसती लाल माती. तेव्हा शहरातली मुलंमुली आपापल्या मोटरसायकली घेऊन आली, कॉलेजची, डिलिव्हरीवाली, गॅरेजमधली. पाठीला तीच बांबूची टोपली, टोपलीत पाण्याच्या बाटल्या, बर्फ, डिझेल, करवती, आग विझवायचे सिलिंडर, आणि त्या मातीच्या चढावरून गाडी वर घालायची, पडायची, उठवायची, परत घालायची. जिथे गाडी चढेना तिथे माणसांची साखळी करून हातोहात वर. २५ ऑगस्टच्या रात्री समोरून आग लावून वणवा अडवला आणि दुसऱ्या दिवशी तो आटोक्यात आला. व्हिडिओ सापडतील, बघा. डोंगरावर हेल्मेटच्या दिव्यांची रांग आणि पलीकडे आगीची रेघ.

जाणार असाल तर दोन जागा रीलवाल्यांच्या यादीत नसतात त्या सांगते. एक वर म्हटलेला द्याओयू किल्ला, अर्धा दिवस ठेवा. दुसरी फूलिंगची बाईहलियांग. नदीच्या पात्रातली एक लांब दगडी रांग, हिवाळ्यात पाणी अगदी खाली गेलं तरच उघडी पडायची, आणि तेव्हा लोक त्यावर मासे आणि अक्षरं कोरून त्या वर्षीच्या पाण्याची पातळी लिहून ठेवायचे, बाराशे वर्षांच्या नोंदी. धरणामुळे ती कायमची बुडाली, तर त्यांनी ती तिथेच ठेवून भोवती पाण्याखालचं म्युझियम बांधलं, २००९ मध्ये उघडलं. लांबलचक सरकत्या जिन्याने नदीच्या तळाशी उतरायचं आणि जाड काचेच्या गोल खिडक्यांतून बघायचं. पाणी गढूळ असेल तर फार दिसत नाही, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी काउंटरवर विचारून घ्या, ते नीट सांगतात. फूलिंगला हायस्पीड ट्रेनने तासाच्या आत पोचता येतं.